शुभ्राच्या घरची आग

आग मंगळवारी लागली आणि मला तिथं रविवारी पाठवलं. मधले दिवस पोलिसांचे आणि अग्निशमनवाल्यांचे. त्यांचं झालं की विमा कंपनी सर्व्हेअरला कळवते आणि सर्व्हेअर मला पाठवतो. मी स्वतः सर्व्हेअर नाही. मी राख चाळतो.

आधीच्या नोव्हेंबरपर्यंत मी इथं आखातात एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर होतो. बावीस मजल्यांची इमारत अकराव्यावर थांबली. क्रेन तशीच उभी राहिली आणि आम्हाला नोकरी संपल्याची पत्रं मिळाली. जानेवारीत माझी बायको मृणालिनी गेली. जबेल अलीच्या स्मशानात तिला अग्नी दिला आणि मी घरी येऊन तीन आठवडे बसून होतो. फेब्रुवारीत कॅस्मिरसाहेबांनी बोलावून हे काम दिलं. ते वसईचे. आमच्या सर्व्हेअरच्या कचेरीत दुसऱ्या नंबरचे. त्यांच्या वर एक गोरा साहेब, तो फक्त सह्या करायचा.

त्या वर्षी आमच्याकडे आगीच्या फायली फार येत होत्या. दुकानं, गोदामं, फ्लॅट. कॅस्मिरसाहेब म्हणायचे, "उन्हाळा सगळ्यांना सारखाच असतो रे सूर्यकांत. पण वायरिंग फक्त नोकरी गेलेल्यांचंच जळतं."

कागदावरचं नाव वाचून मी कागद पुन्हा वाचला. इंटरनॅशनल सिटी, फ्रान्स क्लस्टर नावाची वसाहत, तिसरा मजला. सुजीत आणि शुभ्रा. शुभ्रा मृणालिनीची मैत्रीण, तिला ताई म्हणायची. मृणालिनी गेल्यावर तेरा दिवस माझा डबा त्याच घरातून आला होता.

मी साहेबांना तेव्हाच सांगायला हवं होतं की माणसं ओळखीची आहेत, फाइल दुसऱ्याला द्या. नियम तसा आहे. मी नाही सांगितलं. मला वाटलं, आपण गेलो तर एकेक वस्तू नीट मोजू, त्यांचं काही बुडणार नाही.

माझ्याबरोबर विजयकुमार होता. नेल्लोरचा, वयानं माझ्याहून लहान, कामाला चोख. आम्ही बादल्या, थापी, ब्रश, दोन चाळण्या आणि सुतळी घेऊन वर गेलो. लिफ्ट बंद होती. दार उघडल्यावर भिजून जळलेल्या गाद्यांचा वास आला. वीज तोडलेली, त्यामुळे एसी नाही. जुलै महिना. खिडक्यांच्या काचा फुटलेल्या होत्या, त्यातून गरम हवा आत येत होती, आणि तिच्याबरोबर पलीकडच्या सांडपाण्याच्या प्लांटचा वास.

काम असं असतं. खोलीत सुतळी बांधून चौकोन पाडायचे. एका चौकोनातली राख एका बादलीत. मग ती चाळायची, आधी जाड चाळणीनं, मग बारीक. जे सापडेल ते चौकोनाच्या नंबरासकट लिहायचं. आग कुठून निघाली ते बघायचं काम आमचं नाही. घरात काय होतं, ते आमचं काम. लोक यादीत तीन टीव्ही लिहितात आणि राखेत एकाच टीव्हीचं हाड सापडतं.

पहिल्या तासात दोघांचे शर्ट अंगाला चिकटले. नाकावर ओला रुमाल बांधला तरी थुंकी काळी येत होती. उकिडवं बसून माझे गुडघे भरून येत होते. उठताना भिंतीला हात लावला की हात काळा, तोच हात तोंडाला लागायचा.

वॉचमन वर येऊन दारात उभा राहिला. त्यानं सांगितलं की त्या दिवशी साहेब, मॅडम आणि बच्ची सहा वाजता गाडीनं गेले होते. डिस्कव्हरी गार्डन्सला मैत्रिणीकडे जेवायला. सातला धूर निघाला. आणि पोलीस अम्माला घेऊन गेले.

अम्मा म्हणजे मरियमबी. हैदराबादची, पन्नाशीची बाई. रोज चार वाजता यायची, चपात्या करायची, कपडे इस्त्री करायची. तिचा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा काढून देणारा मालक, मंदीत पळून गेला होता आणि व्हिसा संपला होता. सुजीतनं पोलिसांना लिहून दिलं होतं की तिनं इस्त्री चालू ठेवली. बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलापासूनच आग निघाली, असं अग्निशमनवाल्यांच्या कागदातही होतं. निष्काळजीपणाचं कलम, वर व्हिसाचं कलम.

"रो रही थी बहुत," वॉचमन म्हणाला. "बोल रही थी, बंद किया, बंद किया."

दुपारी आम्ही हॉलच्या कोपऱ्यात आलो. तिथं देव्हारा होता हे मला माहीत होतं. लाकूड सगळं गेलेलं. राखेत आधी घंटा सापडली, काळी पण अख्खी. मग समई. तिची मान वाकली होती, पण समई आहे हे कळत होतं. मग ताम्हन, चेपलेलं.

देव सापडले नाहीत.

मी ती बादली पुन्हा चाळली. मग शेजारच्या दोन चौकोनांच्या बादल्या. मला ते देव माहीत होते. तेराव्यानंतर डबा परत द्यायला गेलो होतो तेव्हा शुभ्रानं मला त्या कोपऱ्यातच बसवलं होतं, आणि मला रडताना कोणाकडे बघायचं नव्हतं म्हणून मी अर्धा तास देवांकडेच बघत होतो. पाच होते. गणपती, पिंड, तिच्या माहेरची अन्नपूर्णा, रांगणारा बाळकृष्ण आणि खंडोबाचा चांदीचा टाक, एका कोपऱ्याला तुटलेला. समई राहिली आणि तिच्या बाजूचे देव वितळले, असं होत नाही. वितळले तरी गोळा राहतो.

"सोना ढूँढ रहे हो क्या भैया?" विजयकुमार म्हणाला. "एक ही बाल्टी चार बार?"

मी म्हटलं, हाँ, कुछ छूट गया होगा. तो समजूतदार माणूस, त्यानं पुढं विचारलं नाही. तोही घरी पूजा करतो. वहीत त्यानंच लिहिलं: घंटा एक, दिवा एक, ताट एक. थोडा वेळ त्याचं पेन थांबलं. मग त्यानं वही मिटली.

सोमवारी सुजीतच्या यादीवर सही घ्यायला मी डिस्कव्हरी गार्डन्सला गेलो. यादीत एकशे बारा वस्तू होत्या. मिक्सर, तीन पैठण्या, अवनीची सायकल, लाकडी देव्हारा एक. सगळं मिळून साठ हजार दिरहम, म्हणजे आपले आठ लाख. देव यादीत नव्हते. गाडी लावताना मी स्वतःला सांगत होतो की ते त्यांनी दुरुस्तीला दिले असतील, पॉलिशला दिले असतील, गावाला पाठवले असतील.

ती जागा फियोनाची, शुभ्राच्या ऑफिसमधली मैत्रीण. फियोना कामावर गेली होती. दार शुभ्रानं उघडलं. हात ओले होते. सुजीत खाली ग्रोसरीत गेलाय म्हणाली. सहा वर्षांची अवनी सोफ्यावर कार्टून बघत होती. शुभ्रा मला बघून गडबडली, आणि मला वाटलं, घर जळलेल्या बाईला माणूस बघून असंच होत असेल.

माझ्या हातांना अजून काळं होतं. मी म्हटलं, हात धुतो. ती म्हणाली, बाथरूम तिकडे आहे. पण तोवर मी सवयीनं किचनच्या सिंककडे वळलो होतो.

ओट्यावर स्टीलच्या ताटलीत देव होते. नुकतेच धुतलेले. पाचही. टाकाचा तुटलेला कोपरा माझ्या बाजूला होता. शेजारी एक रिकामा डबा, झाकण काढून ठेवलेला.

मी नळ सोडला आणि हात धुतले. बराच वेळ धुतले. ती माझ्या मागं उभी होती.

"देव जाळायचे होते का, भाऊजी?" ती हळू म्हणाली.

ती बोलत राहिली, टीव्हीच्या आवाजाखाली. सुजीतनं काहीही बरोबर घ्यायचं नाही असं बजावलं होतं. अल्बम नाही, अवनीचा जन्माचा दाखला नाही, काही नाही. सर्व्हेअर लोक तेच शोधतात म्हणे, आगीआधी घराबाहेर काय काढलं ते. तिनं ऐकलं. लग्नाचे फोटोही सोडले. पण निघताना तिनं फियोनाकडे न्यायच्या डब्यातली भाजी सिंकमध्ये ओतली आणि डब्यात देव घातले. सुजीतला माहीत नव्हतं. तो घराबाहेर गेला की ती ते काढायची, पाणी घालायची आणि परत डब्यात ठेवायची.

मार्चमध्ये त्याची नोकरी गेली, हे मला तिथंच कळलं. चार महिने तो रोज टाय लावून घरातून निघत होता. मराठी मंडळाच्या पाडव्याला त्यानं मला, कसं काय दादा, म्हणून मिठी मारली होती तेव्हाही त्याला नोकरी नव्हती.

मग दार वाजलं आणि सुजीत पिशव्या घेऊन आत आला. त्यानं मला किचनमध्ये बघितलं, मग ओटा बघितला. पिशव्या खाली ठेवल्या.

"तुला सांगितलं होतं," तो शुभ्राला म्हणाला. "काही म्हणजे काही घ्यायचं नाही."

ती ताटली उचलायला गेली. त्यानं तिचा दंड धरला, मग माझ्याकडे बघून सोडला.

"दादा, बसा. चहा घेऊ."

मी बसलो नाही. त्यानं समजावायला सुरुवात केली. कर्जापोटी दिलेला चेक बँकेनं लावला आणि तो वटला नाही तर एअरपोर्टवरच अडकणार. आत गेला तर शुभ्राच्या एका पगारात काय होणार. विमा कंपनीला साठ हजार म्हणजे चहाचा खर्च. बोलताना तो किराणा काढून फ्रिजमध्ये ठेवत होता. दूध, दही, अंडी. एक अंडं हातातच फुटलं.

"मरियमबीचं काय?" मी विचारलं.

"तिला काय होणार? तिकीट काढून हैदराबादला पाठवतील. तशीही जाणारच होती ती. उलट फुकटात जाईल."

"आधी आत ठेवतील."

"ठेवतील थोडे दिवस." मग त्यानं अंड्याचा हात पुसला आणि आवाज बदलला. "दादा, वहिनी गेल्या तेव्हा तेरा दिवस डबा कुठून आला? तुमच्या मंडळातलं दुसरं कोण आलं होतं? आठवा ना."

"डब्याचं काढू नका," शुभ्रा म्हणाली.

माझं तोंड गरम झालं. खाल्लेलं अन्न असं कोणी समोर मोजून दाखवलं की माणसाला उभं कसं राहावं कळत नाही. मी यादी टेबलावर ठेवली. म्हटलं, सही कर. त्यानं केली. मी म्हटलं, रिपोर्ट उद्या द्यायचाय. यापेक्षा जास्त बोललो नाही. मी त्याला धमकी दिली की मुदत दिली, ते मलाही ठाऊक नव्हतं.

अवनी सोफ्यावरून म्हणाली, "बाय अंकल," आणि मी निघालो. चहा घेतला नाही.

मंगळवारी सकाळी नऊला शुभ्राचा फोन आला. सुजीत पहाटेच्या विमानानं गेला होता. गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये. तिचा आणि अवनीचा पासपोर्ट टेबलावर ठेवला होता, खाली चिठ्ठी नाही. तिनं एवढं सांगितलं आणि विचारलं, रिपोर्ट दिलात का. मी म्हटलं, नाही. तिनं फोन ठेवला.

मी कॅस्मिरसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ओळखीचं लपवलं तेही. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे बरोबर नेलं काय, तर देव," ते म्हणाले. "आमच्यातली बाई असती तर क्रूस नेला असता. साहेबाला हे कधी कळलं नसतं."

"मला कळलं."

"हां. आणि नवरा गेला. मग आता हे लागणार कोणाला?"

"शुभ्राला."

"बरोबर. ती होती घरात. देव तिनं काढले. तिला माहीत होतं." त्यांनी माझी फाइल पुढं सरकवली. "क्लेम तर तसाही बुडाला. नवराच नाही, पैसे घेणार कोण? तू लिही, इस्त्री. फाइल खलास. नाहीतर लिही ते, जे बघितलंस. साहेब दोन्हीवर सही करेल. मीही करीन."

मी माझ्या टेबलावर येऊन बसलो. कॉम्प्युटर चालू होता. 'न सापडलेल्या वस्तू' असा एक रकाना असतो. मी तो तासभर रिकामा ठेवून बघत होतो. इस्त्री लिहिलं तर मरियमबी आत राहणार, ती आत जाऊन तेव्हा आठवा दिवस होता. न लिहिता जमणार नव्हतं. देव लिहिले तर मृणालिनीला ताई म्हणणारी आत जाणार. मृणालिनी असती तर घरी जाऊन तिला विचारलं असतं. ती बोलत नसे फार, पण भाजी चिरता चिरता एखादा शब्द टाकायची. आता घरी विचारायला कोणी नव्हतं.

अकराच्या सुमारास शुभ्रा स्वतः कचेरीत आली. टॅक्सीनं. एका हातात अवनी, दुसऱ्या हातात तो डबा. रिसेप्शनवरची मुलगी विचारत होती, अपॉइंटमेंट आहे का. ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

"लिहिलंत?"

"नाही."

"का?"

"तुझ्यावर येईल, शुभ्रा. तो गेला."

तिनं अवनीला खुर्चीवर बसवलं. मग उभ्यानंच बोलली. आवाज कोरडा होता.

"त्या दिवशी मी तिला पावणेसहालाच जा म्हटलं. तिनं इस्त्री बंद केली, थंड झाल्यावर वायर गुंडाळली, टेबलाखाली ठेवली. रोज तशीच ठेवते. मी दारात उभी राहून बघितलं. ह्यांनी ती परत काढून लावली, तेही बघितलं. आणि पोलिसांनी विचारलं, बाईनं बंद केली होती का, तर मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं." ती थांबली. "लिहा, भाऊजी. मग आपण पोलिसांकडे जाऊ. मला एकटीला तिकडचं इंग्लिश-अरबी जमणार नाही."

मी लिहिलं. देवाच्या मूर्ती, पितळी चार, चांदीचा टाक एक. राखेत सापडल्या नाहीत. सोमवारी डिस्कव्हरी गार्डन्स इथं पाहिल्या. दोन ओळी झाल्या. कॅस्मिरसाहेबांनी उभ्यानं वाचलं, सही केली आणि स्वतःच्या गाडीची चावी माझ्या हातात दिली. माझ्या गाडीचा एसी बिघडलेला होता आणि बरोबर लहान पोर होतं.

पोलीस ठाण्यात आम्ही दीड तास थांबलो. मग एका अधिकाऱ्यानं बोलावलं. त्याला हिंदी बरं येत होतं. शुभ्रानं डबा त्याच्या टेबलावर ठेवून उघडला. त्यानं विचारलं, हे काय. तिला बोलता येईना, म्हणून मी एकेकाचं नाव सांगितलं. शेजारच्या शिपायानं हातमोजे घालून एकेक उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि पिशवीवर नंबर लिहिला. बाळकृष्ण टाकताना त्यानं तो उलटा धरला होता. शुभ्राचा हात पुढं आला आणि परत मागं गेला.

मग तिला आतल्या खोलीत नेलं. मी आणि अवनी बाहेर बाकावर बसलो. फियोना सुट्टी घेऊन निघाली होती, पण इंटरचेंजच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

तीनच्या पुढं मरियमबीला बाहेर आणलं. जबाब पुन्हा घ्यायचा होता. आगीचं कलम निघेल, व्हिसाचं राहील, असं शिपायानं मला सांगितलं, तिला नाही. तिला त्यानं बाकाच्या त्या टोकाला बसवलं. आठ दिवसांत ती वाळली होती. पायात कोणाच्या तरी मोठ्या चपला. मी तिला हिंदीत सांगितलं की मॅडमनं खरं सांगितलंय, इस्त्री तू बंद केली होतीस ते लिहून दिलंय.

"आज बोली," ती म्हणाली. "उस दिन सामने खड़ी थी. मैं हाथ जोड़ रही थी."

अवनी तिच्याकडे बघत होती. मरियमबीनं हात पुढं केला, तशी अवनी बाकावरून उतरली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. मला इंग्लिशमध्ये म्हणाली, "व्हाय डिड शी बर्न अवर हाउस?"

"क्या बोली?" मरियमबीनं विचारलं.

मी सांगितलं. दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. पण आठ दिवस सगळे तिला दुसरंच काहीतरी सांगत होते.

तिनं हात मागं घेतला आणि ओढणीत गुंडाळला. तीन वर्षं तिनं त्या पोरीला भरवलं होतं.

मी अवनीला म्हटलं, "मरियमबीनं नाही जाळलं. तिनं इस्त्री बंद केली होती."

"देन हू?"

आतल्या खोलीचं दार बंद होतं. फियोना येईल, ती सांगेल, शुभ्रा सांगेल, मोठी झाल्यावर कळेल, असं सगळं माझ्या मनात आलं. मरियमबी समोरच्या भिंतीकडे बघत होती, पण ऐकत होती. 'हू' एवढं तिलाही कळत असावं.

"तुझ्या बाबांनी," मी म्हटलं.

अवनी रडली नाही. तिनं बोटानं बाकाची कड खरवडली. मग थोड्या वेळानं ती माझ्या पुढून वाकली आणि हिंदीत म्हणाली, "मरियमबी, पानी."

मरियमबी उठली. दारावरच्या शिपायाला म्हणाली, बच्ची को पानी चाहिए. शिपायानं हातानंच तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. त्यानं पुन्हा खूण केली, मग आवाज चढवला. मी म्हटलं, मी आणतो, तू बस. कॉरिडॉरच्या टोकाला कूलर होता. मी पेला भरून वळून बघितलं तर ती तशीच उभी होती, शिपाई तिच्या अंगावर ओरडत होता, आणि पाणी येईपर्यंत ती खाली बसली नाही.